रागाने म्हणाला की हसून

परवा सुनेच्या माहेरची माणसं आली होती. मी नेहमीसारखी तिला म्हणाले, "टवळे, चहा टाक." पाहुण्यांचे चेहरे उतरले. सुनेला काही वाटलं नाही, तिला माझ्या तोंडाची सवय आहे. पण माणसं गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, चार लोकांत तरी नको." चार लोकांत काय होतं ते मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात माझी बाजू काही फार चांगली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाजवळ, पाथर्डीच्या बाजूला, रस्त्याचं सरकारी काम निघालं होतं. पुरुषांनी दगड काढून आणायचे आणि बायकांनी फोडून खडी करायची. जुन्या टायरची कडी करून तिला काठीचा दांडा बांधायचा, कडीत दगड धरायचा आणि दुसऱ्या हातानं हातोडी मारायची. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचो, तरी बोटं फुटायचीच. सकाळी बसलं की दुपारपर्यंत कंबर आपली राहायची नाही. दुपारी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, ती पाण्याशिवाय घशाखाली उतरत नसे, आणि पाणी टँकरचं. आता लोक त्या सालाबद्दल विचारतात तेव्हा त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. मला आठवतो तो कंटाळा. रोज तोच दगड फोडतोय असं वाटायचं.

आमची दहा बायकांची टोळी होती. मी चौथी शिकलेली, मला सही येत होती, म्हणून टोळीची म्होरकी मी. बाकीच्या अंगठा लावायच्या. दिवसभर आम्ही एकमेकींना शिव्या द्यायचो. "ए टवळे, सरक तिकडं." "भवाने, माझ्या डोळ्यात गेली तुझी कपची." "सटवे, आज माझ्या आधी पाणी प्यालीस व्हय?" एवढ्या थकलेल्या माणसाला गोड बोलायला जीव लागतो, शिवी आपोआप येते. आणि सगळ्या अंगात दुखत नव्हतं असं एक तोंडच उरलं होतं.

त्यालाही रीत होती. ती कुणी ठरवली नव्हती, पण चुकायची नाही. टोळीत एकीला मूलबाळ नव्हतं, तिला बाकी काहीही म्हणायचो, पण पोरांवरून कधी नाही. एक विधवा होती, तिच्यापुढं काही शब्द आम्ही गिळून टाकायचो. सासरचा पुरुष जवळून गेला की सगळ्या मुक्या. आणि दोघींचं खरंच भांडण झालं की शिव्या बंद व्हायच्या. मग "अवो बाई, तुमची हातोडी घ्या" असं सुरू व्हायचं. ते ऐकलं की बाकीच्या समजायच्या, काहीतरी बिनसलंय.

माझ्या शेजारी बसायची ती आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडची. भातवाल्या डोंगरी गावातून आमच्या कोरड्या मुलखात नांदायला आली होती, म्हणून तिला सगळे अकोलकरीण म्हणायचे. वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. नवरा देवळालीकडं ऊसतोडीला गेलेला. घरी सासू आणि दीड वर्षाची मुलगी. ती सासूही कामावरच होती. बाभळीखाली झोळ्या बांधून बायकांची तान्ही पोरं सांभाळायचं काम म्हाताऱ्यांना दिलं होतं, त्यात ती. आमच्यापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

पहिल्या दिवशी मी अकोलकरणीला टवळे म्हणाले तेव्हा ती पदर तोंडाला लावून रडली. मी म्हणाले, "रडतीस काय? आमच्यात घेतली तुला." आठ दिवसांत ती मला म्हणायला लागली, "सरक गं टवळे, सगळी सावली तूच खाल्ली." तिच्या डोंगरी हेलात ते ऐकून आम्ही हसायचो. मला त्या सालातलं बरं म्हणावं असं तेवढंच आठवतं.

हजेरी लावायला आणि ढीग मोजायला एक कारकून होता. श्रीरामपूरचा, मॅट्रिक झालेला, विशी ओलांडलेला. गावात एका खोलीत एकटा राहायचा, हातानं करून खायचा. दुपारी आमच्या सावलीला येऊन पाणी मागायचा आणि मग उठायचंच विसरायचा. सुरुवातीला आम्ही त्याला भाऊसाहेब म्हणायचो. पण एवढ्या पोराला भाऊसाहेब किती दिवस म्हणणार? एकदा त्यानं माझी हजेरी चुकवली तेव्हा मी म्हणाले, "मुडद्या, माझं नाव कुठं गेलं?" तो लाल झाला. मग हसला. त्या दिवसापासून तो टोळीचा मुडद्याच झाला. तो जवळ आला की बायका म्हणायच्या, "आला बघ मुडदा, तांब्या लपवा." त्याला ते आवडायचं. एकटं राहणाऱ्या माणसाला कुणी मुडद्या म्हणायला असलं तरी बरं वाटतं.

एकदा त्यानं मला विचारलं, "बाई, तुम्ही दिवसभर एकमेकींना असं बोलता. राग नाही येत?"

मी दगड फोडत होते. मान वर न करता म्हणाले, "राग कशाचा? बोलनारं आपलं मानूस असलं म्हंजे न्हाई येत."

मी ते सहज बोलले. त्यानं ते वहीत लिहून ठेवावं तसं मनात ठेवलं.

ढीग मोजायची पद्धत अशी होती की खडीचा ढीग सारखा करायचा आणि तो फीत लावून मोजायचा. त्यात एक लबाडी चालायची. मधे न फोडलेले मोठे दगड रचायचे आणि वरून खडीचा थर द्यायचा. सगळ्याच बायका कधी ना कधी करायच्या, मीही केली आहे. त्या दिवशी अकोलकरणीनं केली होती. मुलीला जुलाब होत होते, सकाळचा अर्धा वेळ तिचा बाभळीखालीच गेला होता. कारकुनानं फीत लावता लावता ढिगात काठी खुपसली आणि काठी दगडाला थडकली. त्यानं वरची खडी पायानं सारली. आत चांगले टोपल्याएवढे दगड.

तो मोठ्यानं हसला आणि आमच्याच सुरात, आमच्यासारखी मान उडवून म्हणाला, "काय गं टवळे, मला फसवतीस व्हय?"

आम्ही सगळ्या हसलो. अकोलकरीणही हसली. त्यानं दगड पुन्हा खडीनं झाकले आणि ढीग पुरा धरून वहीत आकडा लिहिला. त्याला वाटलं, आता आपण खरंच यांच्यातले झालो.

तेवढ्यात मला त्याच्या मागे सासू दिसली. रडणारी नात कडेवर घेऊन ती ढिगाच्या पलीकडून आली होती. तिला कारकुनाची पाठ दिसत होती आणि हसणाऱ्या आम्ही दिसत होतो. हसणं हळूहळू थांबलं. सगळ्यात शेवटी अकोलकरणीचं थांबलं, कारण तिला सासू शेवटी दिसली.

सासूनं आरडाओरडा केला नाही. मुलीला या हातावरून त्या हातावर घेतलं आणि सुनेला म्हणाली, "चल घरी." हातोडीही उचलू दिली नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. सासू उंबऱ्यातच बसली होती.

"आत्या, पोरगं हाय ते. थट्टा केली."

"थट्टा?" म्हातारी म्हणाली. "माझा ल्योक तिकडं कोयता घेऊन राबतोय. अन् इथं परका गडी माझ्या सुनंला टवळे म्हनून थट्टा करतो, अन् ही दात काढती. उद्या ल्योकाच्या कानावर गेलं तर मी काय सांगू? तू सांगशील?"

"आमी समद्या एकमेकींना म्हनतो की."

"तुमी बाया हाय. तुमचं तोंड तुमच्यात." मग ती जरा पुढं वाकली. "मला एवढंच सांग. रागानं म्हनला का हसून?"

मी म्हणाले, "मला नीट दिसलं न्हाई."

"तुज्या म्होरंच उभा हुता."

मी पदर सारखा केला. म्हातारी म्हणाली, "रागानं म्हनला असंल तर कारकुनाचं तोंडच तसलं असतं, मी समजून घीन. समद्यांनाच खावी लागत्यात शिव्या. पर हसून म्हनला असंल तर ही अकोल्याला जाईल, परवाच्या एष्टीनं. पोरगी इथंच ऱ्हाईल. ती आमची हाय."

मी घरी आले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू कशाला मधी पडतीस?" त्याचं बरोबर होतं. मला मधे पडायचं नव्हतंच. मला फक्त आडवं व्हायचं होतं. पण त्या पोराला मुडद्या मी म्हणाले होते आणि आपल्या माणसाची गोष्टही मीच सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी कामाच्या तपासणीला सरकारी साहेब येणार होते. सासू सकाळपासून रस्त्यात बसली आणि जीप आल्यावर उठलीच नाही. साहेब उतरले. पुण्याकडचे, वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि बाभळीखाली खुर्ची मांडायला सांगितली. सगळी टोळी बोलावली. अकोलकरीण पदर कपाळापर्यंत ओढून सासूच्या मागे बसली. टँकरपाशी ती मला सकाळीच म्हणाली होती, "तूच बोल. मला तोंड उघडता यायचं न्हाई. मी काय बी बोलले तरी वाकडंच दिसनार."

साहेबांनी कारकुनाला विचारलं, "तू या बाईला काही बोललास?"

"हो साहेब. पण शिवी म्हणून नाही. यांच्यात सगळ्या एकमेकींना तसंच म्हणतात, दिवसभर. मलाही मुडद्या म्हणतात. मी कधी तक्रार केली नाही."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, खरं आहे का?"

"व्हय. म्हनतो."

"मग त्यानं एकदा म्हटलं तर एवढं काय झालं?"

काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं, पण ते साहेबाला सांगण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात सासू म्हणाली, "साहेब, बाकीचं ऱ्हाऊ द्या. रागानं म्हनला का हसून, एवढंच इचारा."

साहेबांना वाटलं, म्हातारी मिटवायला आली. ते हलके झाले. "हसून म्हणाला असेल तर प्रश्नच मिटला. थट्टा झाली, विषय संपला." ते गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागले.

कारकुनाला बुडताना काहीतरी हाताला लागल्यासारखं झालं. "हसूनच साहेब. अगदी हसत. विचारा यांना, सगळ्या हसल्या. त्या स्वतःसुद्धा हसल्या." त्यानं अकोलकरणीकडे हात केला. ती जागच्या जागी आणखी लहान झाली. सासूनं मागे वळून पाहिलं नाही. "आणि साहेब, या बाईच मला म्हणाल्या होत्या, आपलं माणूस..."

तो शब्द पुरा झाला असता तर एष्टीची वाट पाहायचीही गरज राहिली नसती.

"खोटं बोलतोय," मी म्हणाले.

कारकून थांबला.

"दात खाऊन म्हनला, साहेब. रागानं. हिच्या ढिगात मोठं दगड निघालं, म्हनून चिडला. काठी आपटली. आमी हसलो ते हिची चोरी उघडी पडली म्हनून हसलो. ती हसली न्हाई. ती खाली मान घालून उभी हुती."

साहेबांनी लिहिणं थांबवलं. "ढिगात दगड होते?"

"व्हते. आता बी असत्याल. बघा."

माणूस पाठवला. ढीग तसाच होता, दगड निघाले. मग वही पाहिली. वहीत ढीग पुरा लिहिलेला. कारकुनाला विचारलं, दगड दिसले तर आकडा पुरा कसा लिहिला? तिच्यावर दया करून लिहिला, असं तो सांगणार कसा? साहेबांना त्या आकड्याचं पुढं काय करायचं तेही कळेना. पण एक गोष्ट झाली. दगड खरे निघाले म्हणून माझं बाकीचंही खरं ठरलं.

साहेबांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी 'थट्टेने' असं लिहिलंय. तेच राहू द्या. कुणाचं नुकसान नको. त्या बाईचा ढीग तेवढा रद्द होईल. याला समज देतो."

चांगला माणूस होता. मला आजही त्यांचा राग नाही. पण त्यांना कळत नव्हतं, आणि पाच हातांवर म्हातारी बसलेली असताना मला ते समजावता येत नव्हतं. मी कागद हातात घेतला. मला वाचता येतं हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. एकेक अक्षर लावून वाचलं. 'थट्टेने' हा शब्द सापडला, त्यावर बोट ठेवलं.

"हे खोडा. रागानं लिहा."

"त्याची नोकरी जाईल, बाई."

"रागानं लिहा. मग सही करते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई केवढी खुनशी आहे. खोडलं. 'रागाने' लिहिलं. मी सही केली. तेव्हा मला जोडाक्षरं लिहायला वेळ लागायचा. सगळी टोळी बघत उभी होती आणि सही संपता संपेना.

सासू उठली, लुगडं झटकलं. जाता जाता सुनेला म्हणाली, "चोरटी कुठली. ऊठ, कामाला लाग." त्या दोन शब्दांनी सगळं मिटलं. चोरटी चालत होती.

कारकुनाचं नाव कमी झालं. दुपारी तो ट्रंक घेऊन रस्त्याला लागला तेव्हा आमच्या सावलीपाशी थांबला. पाणी मागितलं नाही. मला म्हणाला, "बाई, मी हसत होतो. तुम्हाला दिसत होतं."

"दिसत हुतं."

"मग?"

मला खरं तर सांगता आलं असतं. पण दगड फोडून झाले नव्हते आणि मी फार थकले होते. शिवाय सांगून त्याची नोकरी परत येणार नव्हती. मी म्हणाले, "तुमी जावा आता, भाऊसाहेब."

इतक्या महिन्यांत आमच्याबरोबर बसून त्याला एवढं कळायला लागलं होतं. भाऊसाहेब ऐकल्यावर त्यानं ट्रंक उचलली.

चार दिवसांनी नवा कारकून आला. पन्नाशीचा, पान खाणारा. आल्या दिवसापासून तो शिव्याच देत होता. आम्ही एकमेकींना द्यायचो तसल्या नाही; आई-बापावरून, अंगावरून, ज्या मी आज इथं लिहिणार नाही. त्याच्या डोळ्यांत कधी हसू नसायचं. अकोलकरणीला तर पहिल्याच आठवड्यात उशीर झाला म्हणून असं काही बोलला की माझी हातोडी हातातच राहिली. मी बाभळीकडे पाहिलं. सासूनं ऐकलं होतं. तिनं झोळीला एक झोका दिला आणि तंबाखूची चंची उघडली. त्याचं तोंडच तसलं, एवढंच तिनं नंतर कुणाला तरी सांगितलं.

अकोलकरीण अकोल्याला गेली नाही. मुलगी तिच्याजवळ राहिली. पण आमच्यात बोलणं राहिलं नाही. भांडण नव्हतं. ती मला "अवो बाई" म्हणायला लागली, "तुमची कडी देता का", "सरकता का जरा". टोळीतल्या इतर बायकाही जपून बोलायला लागल्या. आता आमचा प्रत्येक शब्द कुणीतरी ऐकतंय आणि त्याचा कागद होऊ शकतो, हे सगळ्यांना कळलं होतं. दिवस तेवढेच मोठे होते, पण जास्त लांब वाटायला लागले.

महिना गेला असेल. एके दुपारी भाकरी खाताना ती एकदम म्हणाली, "त्याचं काय झालं असंल?"

"कुनाचं?"

"त्या पोराचं. मला वाचवायला गेला अन् मेला."

"मेला न्हाई. श्रीरामपूरला गेला. त्याला बाप हाय, घर हाय."

"तुमाला काय वाटत न्हाई का वो?"

वाटत होतं. पण ते बोलून काय करायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, "गप टवळे, भाकरी खा."

किती दिवसांनी म्हणाले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आधी बाभळीकडे पाहिलं. म्हातारी पाठ करून बसली होती. तरी ती बराच वेळ तिकडेच बघत राहिली. मग उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली आणि हातोडी उचलली.